होल्डवरचे चार सेकंद

जाहिरातवाल्यांत तिला सगळे सेकंदबाई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की सेकंदबाई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. गळ्यात नाडीला अडकवलेलं स्टॉपवॉच, नाकावर घसरलेला चष्मा, आणि समोरचा माणूस बोलायला लागला की आपोआप बटणावर जाणारा अंगठा. एकदा एका गिऱ्हाइकाला तिने मधेच तोडून विचारलं होतं, “तुम्हाला काय हवंय ते सांगायला तुम्ही पावणेतीन मिनिटं घेतलीत. मी तेच तीस सेकंदांत सांगायचं ना?” गिऱ्हाईक हसलं म्हणून बरं, नाहीतर काम हातचं गेलं असतं.

बत्तीस वर्षं ती हेच करत आली. साबण, पंखे, बिस्किटं, टाचांच्या भेगांचं मलम, सगळ्यांना तिने सूर दिले. तिचा स्टुडिओ म्हणजे कपडे धुण्या-इस्त्रीच्या एका मोठ्या दुकानावरची खोली. खालच्या इस्त्रीच्या यंत्रातून दर चार मिनिटांनी वाफ सुटायची, फुस्स! भिंतींना गाद्या लावून झाल्या, दाराला दुहेरी कापड ठोकून झालं, वाफ काही ऐकेना. शेवटी तिने हात टेकले आणि दोन फुस्सच्या मधे रेकॉर्डिंग उरकायची सवय लावून घेतली. नवा वादक आला की बटणवाला आधी त्याला हेच समजावायचा. बटणवाला म्हणजे तिचा रेकॉर्डिस्ट. वीस वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस.

तिची कामाची रीत साधी होती आणि ती कुणालाही सांगायची, झाकून ठेवायची नाही. सुरुवातीपासून चाल बांधायचीच नाही. आधी शेवट. शेवटचे तीन सेकंद मालाच्या नावाचे. तिथे सगळ्यांनी वाट सोडायची. मग निवेदकाचा मजकूर घ्यायचा आणि तो जिथे बोलतो तिथे त्याच्या आवाजाच्या उंचीचं एकही वाद्य ठेवायचं नाही, नाहीतर दोघंही एकमेकांच्या पायात येतात. तीस सेकंदांचं कापून दहाचं करायचं नाही, दहाचं आधी करायचं आणि ते वाढवायचं. आणि सगळं झालं की मोठे स्पीकर बंद. खिळ्याला टांगलेला एक जुना रेडिओ होता, त्याचा एक कोपरा वितळलेला; तिने आपली वायर त्याला जोडून घेतली होती. त्यावर ऐकायचं. “लोक ज्या डब्यावर ऐकणार, त्या डब्यावर ऐका,” ती म्हणायची. “तुमच्या गादीच्या भिंतीत काय, पत्र्याचा डबापण गोड वाजेल.”

गिऱ्हाइकांची भाषा तिला पाठ झाली होती. ‘जरा ताजं करा’ म्हणजे वेग वाढवा. ‘जरा श्रीमंत वाटू दे’ म्हणजे व्हायोलिनं घाला. ‘त्या अमक्यासारखं हवं, पण तसं नको’ म्हणजे ताल तोच ठेवा आणि चाल बदला. ‘काहीतरी कमी आहे’ म्हणजे साहेबांना भूक लागली आहे. जेवणानंतर तेच पुन्हा ऐकवा, पसंत पडतं.

एका गोष्टीला मात्र या सगळ्यात जागा नव्हती, आणि ती तिला आतून खात असे. ती गोष्ट म्हणजे थांबणं. तीस सेकंदांत अर्धा सेकंद मोकळा सोडला तरी कुणीतरी मान वर करून विचारायचं, “इथे आवाज गेला का?”

थांबण्याचं हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं होतं बाबांनी. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. लहानपणी सुट्टीत ती तंबूत पुढच्या फळीवर बसायची. झुल्यावरचा माणूस हात सोडायचा तेव्हा अख्खा बँड गप्प व्हायचा. माणूस हवेत, हजार लोकांचा श्वास अडकलेला, आणि कुठे जराही आवाज नाही. मग समोरचे दोन हात त्याला पकडायचे आणि बँड धडाडून उठायचा. त्या गप्प होण्याएवढं मोठं संगीत तिने जन्मात ऐकलं नाही. घरी शिकवतानाही बाबा तेच म्हणायचे, “वाजवायला काय, कुणीही वाजवतं. थांबायला शिक.”

तर दीड वर्षापूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलचे मॅनेजर आले. लोक फोन करतात, लाइन मोकळी नसते, थांबावं लागतं. तेव्हा वाजायला काहीतरी हवं होतं.

“किती सेकंदांचं?” तिने विचारलं.

“किती का असेना. लोकांना दहा-पंधरा मिनिटंसुद्धा थांबावं लागतं कधीकधी.”

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं. बटणवाल्याने ते पाहिलं आणि भुवई वर केली.

तीन मिनिटांची चाल केली तिने. फोनमधून ढोलाचा घुमार जात नाही, झांजेची किणकिण जात नाही, जाते ती मधली पट्टी, म्हणजे माणूस बोलतो तेवढीच. म्हणून तिने सगळी वाद्यं त्या मधल्या गल्लीत बसवली. एका वेळी दोनच, गर्दी नाही. घाबरलेला माणूस ऐकणार, म्हणून उड्या मारणारे सूर नाहीत. आणि एक मिनिट दहा सेकंदांवर, चाल हळूहळू चढत जिथे पोचते तिथे, तिने सगळं थांबवलं. चार सेकंद. काहीच नाही. मग पुन्हा तीच चाल, अलगद.

ऐकायला हॉस्पिटलची माणसं आली होती. टेलिफोन ऑपरेटरबाईही होती. कानावर हेडफोन बसून बसून केसांना कायमचा खळगा पडलेली, पन्नाशीची. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑपरेटरबाईच तेवढी म्हणाली, “मॅडम, मधली ती जागा जरा जास्त होते का? तिथे दोन शब्द घाला ना. ‘कृपया थांबा’ असं काही.”

“संगीत आहे ते,” सेकंदबाई म्हणाली. “दाराची घंटा नाही.”

ऑपरेटरबाईचा चेहरा पडला. मॅनेजर हसले. सेकंदबाईने नंतर फोन लावून एकदा ऐकलंही, डब्यावर ऐकायचं या आपल्याच नियमाप्रमाणे. सूर स्वच्छ येत होते. चार सेकंद आले, गेले, तिच्या अंगावर काटा आला. तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि फोन ठेवला. बाबांना मात्र सांगितलं नाही. तंबू गाजवलेल्या माणसाला काय सांगायचं, मी होल्डचं संगीत केलं म्हणून? लाज वाटली तिला.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होताच. यंदा तो चांगलाच पिकला. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करून टाका, उगाच लांबवू नका. त्याच हॉस्पिटलात करायचं होतं आणि तिथल्या तारखा फोनवरच मिळत. दर सोमवारी नऊ ते अकरा फोन लावायचा, त्या आठवड्याच्या तारखा त्याच सकाळी संपायच्या.

“मी करते फोन,” ती म्हणाली.

“का? मला काय धाड भरलीय? डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे माझं.”

बाबांचं सगळंच एकेक करून हातातून काढून घेतलं गेलं होतं. बँकेत ती जायची, भाजी ती आणायची, पेपरसुद्धा तीच मोठ्याने वाचायची. एक फोन तेवढा त्यांना करू द्यावा, असं तिला वाटलं. शिवाय सोमवारी सकाळी तिचं रेकॉर्डिंग असे, हेही खरंच.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, “लागत नाही. लागतो, आणि मधेच कटतो.” दुसऱ्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी तिने विचारलं, “बाबा, नंबर बरोबर फिरवता ना?” तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला. चौथ्या, पाचव्या सोमवारी तिने विचारलंच नाही. ती एका बिस्किटाच्या मागे लागली होती. गिऱ्हाइकाला ‘कुरकुरीत पण हळवं’ असं काहीतरी हवं होतं.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी बाबांनी उकळतं पाणी कपात ओतलं, म्हणजे त्यांना वाटलं कपात ओतलं. डाव्या हातावर टरारून फोड आले. ती घरी आली तेव्हा ते हात नळाखाली धरून उभे होते आणि म्हणाले, “काही नाही, कप सरकला.” कप ओट्यावर होता तिथेच होता. तिने मलम लावलं, आणि पुढच्या सोमवारचं रेकॉर्डिंग तिने रद्द करून टाकलं.

सहाव्या सोमवारी नऊ वाजता ती बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मोठ्या आकड्यांचा फोन होता त्यांचा, स्पीकरचं बटणही होतं. बाबांनी डोळे बारीक करून, आकडा न् आकडा चाचपून नंबर लावला. अगदी बरोबर लावला. वीस-बावीस वेळा लाइन व्यस्त लागली, तेव्हाही त्यांनी न कंटाळता परत लावला. साडेदहाच्या सुमाराला घंटा वाजली. आणि मग स्पीकरमधून तिची चाल सुरू झाली.

तिच्या ओठांवर हसू आलं. सांगावं का आता? बाबांची बोटं टेबलावर हलकेच ताल धरत होती. म्हणजे आवडतंय! चाल चढत गेली, चढत गेली, वर पोचली आणि थांबली.

एक सेकंद. दोन. बाबांचं बोट थांबलं. तिसऱ्या सेकंदाला त्यांनी रिसीव्हर उचलून खाली आपटला.

“बघ! कटला. दर वेळी इथेच कटतो मेला.”

कुणी तोंडात मारावी तशी ती बसून राहिली. अंगठा गळ्यातल्या घड्याळावर होता. पाच आठवडे. प्रत्येक वेळी इथेच.

“बाबा,” ती म्हणाली, “तो कटत नाही. ते असंच आहे.”

“असंच म्हणजे?”

“ती थांबायची जागा आहे. मी केलंय ते.”

बाबांना समजायला वेळ लागला. तोवर तिने पुन्हा नंबर लावायला घेतला होता. या वेळी मात्र तिने रिसीव्हर घट्ट धरून ठेवला. चार सेकंद आले आणि गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. बारा मिनिटांनी ऑपरेटरबाईचा दमलेला आवाज आला. “आजच्या तारखा संपल्या. पुढच्या सोमवारी करा.”

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, “चाल चांगली आहे. पण मधे मरते.”

त्याच दुपारी ती हॉस्पिटलात गेली. चौकशीच्या खिडकीमागे ऑपरेटरबाईची खोली. एक टेबल, एक पंखा, पाण्याची बाटली आणि न थांबणारे लाल दिवे. सेकंदबाईने आपण कोण ते सांगितलं. ऑपरेटरबाईला सांगायची गरज नव्हती.

“होल्डवर असताना किती लोक फोन ठेवतात हो?”

“दिवसाला साठ-सत्तर. सोमवारी शंभराच्या वर. मॅनेजर म्हणतात, लोकांना धीरच राहिला नाही.” तिने एक दिवा दाबला, कुणाला तरी थांबायला सांगितलं, आणि पुन्हा वळली. “सगळे परत लावतात आणि मग माझ्यावर ओरडतात. तुम्ही मुद्दाम फोन आपटता म्हणतात. परवा एका बाईने शाप दिला मला. शाप! तिच्या नवऱ्याला तारीख मिळेना म्हणून.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“तुम्हालाच सांगितलं होतं,” ऑपरेटरबाई म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगावं तसं.

सेकंदबाईला तिथे बसवेना. बत्तीस वर्षांत तिने गिऱ्हाइकांच्या शंभर मूर्ख सूचना हसून ऐकून घेतल्या होत्या, कारण ती गिऱ्हाइकं होती. ही एक शहाणी सूचना, आणि ती तिने टोला मारून उडवली होती, कारण सांगणारी ऑपरेटर होती. दीड वर्ष. सोमवारचे शंभर. त्यात किती जणांच्या हातावर उकळतं पाणी पडलं असेल, कोण जाणे.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला तसं बोलायला नको होतं. आणि तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं.”

ऑपरेटरबाईने हेडफोन एका कानावरून सरकवला. “मग दोन शब्द घालता का आता?”

“काहीतरी घालते. सोमवारच्या आत.”

संध्याकाळी बाबांना जेवायला वाढताना तिने सगळं सांगून टाकलं. “तुमच्याकडूनच शिकले ना मी. झुल्यावरचा माणूस हात सोडायचा तेव्हा बँड कसा गप्प व्हायचा! ते चार सेकंद मला कुठेतरी ठेवायचे होते, बाबा. आयुष्यात एकदा.”

बाबांचा घास हातातच राहिला. “गप्प? कोण गप्प?”

“बँड. सगळा बँड.”

“अगं, वेडी का खुळी तू! बँड गप्प, मी नाही. मी एक सूर धरून ठेवायचो. बारीक, नखाएवढा. वरच्या माणसाचे डोळे कपाळात गेलेले असतात, त्याला काही दिसत नाही. त्याला कळायला नको, खाली कुणी आहे म्हणून? अगदीच सगळं बंद झालं तर तो घाबरेल ना हात पुढे करायला.”

“मला कधी ऐकू आला नाही.”

“तुला कसा येईल? तू बाहेर फळीवर बसलेली. तो तुझ्यासाठी नव्हताच.”

पन्नास वर्षं तिने अर्धीच गोष्ट सांभाळून ठेवली होती.

बुधवारी ती बाबांना स्टुडिओत घेऊन आली. जिना चढायला त्यांना सात मिनिटं लागली. तिने मोजली नाहीत, बटणवाल्याने मोजली. क्लॅरिनेट आठ वर्षं कपाटात होतं. तोंडाशी बसवायची वेताची नवी पट्टी आणली, सांधे तेल लावून सैल केले. पहिला सूर असा काही निघाला की खालून इस्त्रीवाला विचारायला आला.

“दात,” बाबा म्हणाले. “कवळीला सवय नाही.”

“खालचा सूर नको, बाबा. तो फोनमधून जाणारच नाही. मधला धरा. आणि बारीक.”

“मला शिकव आता.”

दुसरा सूर फाटला. तिसरा बरा होता, पण नेमकी खालून वाफ सुटली, फुस्स! चौथ्याला खोकला आला. बटणवाला म्हणाला, “एक सेकंद मिळाला तरी पुरे, मी मशीनवर ताणून चार करतो.” हे त्याचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य, आणि बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने बाकीची नऊ गिळून टाकली.

सातव्या वेळी सूर लागला. भाजलेल्या हाताला पट्टी, डोळे मिटलेले, आणि तोंडातून निघालेला अगदी बारीक, सरळ, जराही न थरथरणारा सूर. सेकंदबाईने घड्याळ दाबलं. तीन सेकंद आणि थोडा. त्यापुढे छातीने नाही म्हटलं.

“परत घेऊ,” बाबा धापा टाकत म्हणाले. “चार पाहिजेत ना तुला?”

“तीनच पुरेत,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाने मागितलेलं नसताना तिने आपल्या संगीतातला एक सेकंद आपल्या हाताने कापला, आणि जागा सुराच्या मापाची केली. मग खिळ्यावरच्या रेडिओवर ऐकलं. चाल वर पोचत होती, सगळी वाद्यं थांबत होती, आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी उभं होतं. बटणवाल्याने चष्मा काढून पुसला. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर दोघांचंही अवघड झालं असतं.

शुक्रवारी नवी चाल फोनवर चढली. मधला सूर कुणाचा, ते तिने ऑपरेटरबाईला सांगून ठेवलं.

सोमवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी बाबांनी नंबर लावला. दुसऱ्याच खेपेला घंटा वाजली. चाल सुरू झाली. बाबा ताठ बसले, शर्टाची कॉलर सारखी केली, जणू आत बोलावणं येणार होतं. चाल चढायला लागली. तिने घड्याळ पाहिलं. तीस सेकंद. पस्तीस. चाळीस.

“हॅलो, हॉस्पिटल. बोला.”

बाबांचा चेहरा असा पडला की तिला हसू आवरेना.

“एवढ्यात?” ते फोनवर म्हणाले.

“हो आजोबा, आज लाइन बरी आहे. शुक्रवारपासून लोक फोन ठेवत नाहीत, त्यामुळे परत परत करत नाहीत. नाव सांगा.”

नाव सांगून झालं. तारीख मिळाली, गुरुवार, सकाळी आठ, उपाशीपोटी. सेकंदबाईने ती मोठ्या अक्षरांत लिहिली आणि दोनदा वाचून दाखवली. ऑपरेटरबाई म्हणाली, “झालं आजोबा, ठेवू?”

“थांबा,” बाबा म्हणाले. “एक काम होतं. मला जरा परत होल्डवर टाकता का?”

पलीकडे ऑपरेटरबाई हसली. “तुम्हीच का ते सूरवाले? बरं. पण एकदाच हं, दिवे लागलेत इकडे.”

चाल पहिल्यापासून सुरू झाली. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला आणि स्पीकर बंद केला. सेकंदबाईला आता चाल ऐकू येत नव्हती, नुसते बाबा दिसत होते. तिने घड्याळ हातात घेतलं होतं, पण दाबलं नाही. एका ठिकाणी बाबांनी श्वास घेतला आणि धरून ठेवला. तिने मनातल्या मनात मोजले, एक, दोन, तीन. त्यांनी श्वास सोडला.

थोड्या वेळाने फोनमधून ऑपरेटरबाईचा बारीक आवाज आला. “आजोबा, आहात ना अजून?”

“आहे की,” बाबा म्हणाले. “मी कुठे जातोय.”